औषध लागू पडलं

सोफे दुरुस्त करणारी माणसं कामाच्या वेळी तोंडात चुका धरतात. चुका म्हणजे बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. चिमूटभर ओठांत धरायच्या, जिभेने एकेक पुढे सरकवायची, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायची आणि कापडावर ठोकायची. त्यामुळे या धंद्यातली माणसं सहसा अबोल असतात. सोफेवाली मात्र तोंडात चुका असतानाही भांडायची.

"अगं, गिळशील एखादी!" बाप ओरडायचा.

"गिळली तर पचवीन," ती म्हणायची.

दुकान बापाचं. एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला काचवाला, मध्ये हे दोन गाळे. बाहेर पाय मोडलेल्या खुर्च्या, आत काथ्याचे ढीग, गंजक्या स्प्रिंगा आणि वर, लाकडी जिन्याने चढून गेलं की दोन खोल्या. बापाला ही एकुलती एक. आई लवकर गेली. गिऱ्हाईकं दुकानात बसून हळहळायची, "एवढा चालता धंदा, आणि मागे बघणारं कोणी नाही." हे सगळं ती समोर मांडीवर काथ्या घेऊन बसलेली असताना. बारा-तेरा वर्षांची असताना तिने एकाला विचारलं, "आणि मी काय इथे दुरुस्तीला आलेय?" गिऱ्हाईक उठून गेलं. बापाने तिला एक सणसणीत ठेवून दिली, आणि त्याच संध्याकाळी स्वतःची हातोडी तिच्या हातात दिली. थप्पड कशाची आणि हातोडी कशाची, ते त्याने कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

लग्नानंतरही ती रोज दुकानात यायची. नवरा शाळेच्या मुलांची गाडी चालवायचा. स्वभावाने लोणी. उतरताना एखाद्या पोराच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तर स्वतः वाकून बांधणारा. तिला वाटलं होतं, आपल्या तिखटाला हा मऊ माणूस बरा. पण लोण्यावर कुणीही सुरी फिरवू शकतं, हे ध्यानात यायला तिला फार वर्षं लागली.

घरात सासूबाई होत्या. पलीकडच्या गल्लीत नवऱ्याची मोठी बहीण, वन्सं. वन्संना दोन मुलगे होते आणि तेव्हापासून त्या या विषयातल्या अधिकारी झाल्या होत्या. सोफेवालीला दोन मुली. थोरली आईवर गेलेली, धाकटी बापावर. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा साऱ्या घराचे कान टवकारले गेले.

सल्ल्यांचा नुसता पाऊस. सासूबाई म्हणाल्या, केळी खा, खारट खा, गोडाला शिवू नकोस. वन्सं म्हणाल्या, झोपताना कूस बदलू नकोस. काचवाल्याची बायको भिंतीआडून सांगून गेली, पलंगाचं डोकं उत्तरेला फिरवा, तिच्या चुलत जावेला तसाच मुलगा झाला.

"पलंग फिरवून मुलगे होत असते," सोफेवाली म्हणाली, "तर आमच्या दुकानाचं पाळणाघर झालं असतं. आम्ही दिवसभर दुसरं करतो काय?"

हसण्यावारी नेत होती तोवर ठीक होतं. पण वन्सं हमीवाल्याचं नाव काढू लागल्या. हा गृहस्थ स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. खरं कशाचा होता कोण जाणे. बाजारपेठेत वरच्या मजल्यावर त्याचा दवाखाना, आणि पाटीवर ठळक अक्षरांत 'हमखास पुत्रप्राप्ती'. लोक त्याला हमीवाला म्हणत. सोफेवालीने साफ सांगितलं, "त्या भामट्याच्या जिन्याला माझा पाय लागणार नाही." आणि पुढच्या तपासणीला गेली तेव्हा तिने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "बाई, मुलगा की मुलगी हे आई-बापांना ठरवता येतं का हो?"

डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण प्रश्नाला बगल देणाऱ्या नव्हत्या. "बाईकडून दर वेळी एकच गोष्ट जाते," त्या म्हणाल्या. "पुरुषाकडून दोनपैकी एक जाते. एक गेली तर मुलगी, दुसरी गेली तर मुलगा. कोणती पोचेल, ते तुमच्या हातात नाही, त्याच्याही नाही. खाणं-पिणं, कूस, वार, तिथी, काही उपयोग नाही. आणि तुमचं तर ठरून महिने झाले. आता केळी खा नाहीतर खुर्ची खा."

ती एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरची नर्स आत डोकावली.

घरी जेवताना तिने हे जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "म्हणजे दोष माझ्या मुलाचा?"

"दोष कुणाचाच नाही. या दोघी समोर बसल्यात जेवायला. यांना दोष म्हणायचं का?"

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. तिला वाटलं, विषय संपला.

थोड्याच दिवसांत नवरा बदलला. सकाळी गाडी काढायच्या आधी स्वतः दूध गरम करायचा, साखर ढवळायचा आणि पेला तिच्या हातात द्यायचा. पिऊन होईपर्यंत समोर उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्याने तिला पाण्याचा तांब्या दिला नव्हता. तिला गंमत वाटली, मग बरं वाटलं, मग त्या पेल्याची वाट पाहायची सवय लागली.

"दुधाला वास येतोय कसला?" तिने एकदा विचारलं.

"दूधवाला बदललाय," तो म्हणाला.

दुकानात तिने बापाला कौतुकाने सांगितलं, "दोन पोरी झाल्यावर माणसात आला बघा." बाप नुसता हुंकारला.

मग पोटात कळा यायला लागल्या. डोकं धरायचं. मनगटातला जोर जायचा, हातोडी सुटून पायाशी पडायची. तोंडाला सतत धातूची चव असायची. ती तिला चुकांची वाटली. जन्मभर ओठांत लोखंड धरलेलं, चव येणारच. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं होतं, पण नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम अंगावर होतं, ती म्हणाली पुढच्या खेपेला.

खेप आलीच नाही. एका दुपारी खुर्चीवर लाल कापड ताणत असताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून पोट शांत आहे. ती थोडं पाणी प्यायली, तिने कुशीवर पडून पाहिलं, पोटावर थापटलं. मग बापाला म्हणाली, "रिक्षा बोलवा." आवाज असा होता की बापाने शटरसुद्धा ओढलं नाही.

बाळ मेलेलं जन्मलं. सातवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासूबाई आणि वन्सं आल्या. नवरा खिडकीशी उभा. सासूबाईंनी नर्सला विचारलं, काय होतं? नर्सने सांगितलं, मुलगा. सासूबाईंनी टाहो फोडला. वन्सं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटल्या, "बघ आई, म्हणजे औषध लागू पडलं होतं. मुलगाच होता. आपलंच नशीब फुटकं."

सोफेवाली कुशीवर वळली. "कसलं औषध?"

वन्संनी जीभ चावली. सासूबाईंचं रडणं एकदम थांबलं.

"अहो, मी विचारतेय. कसलं औषध?"

नवरा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "झाडपाल्याची पूड होती नुसती. तुला मनस्ताप नको म्हणून बोललो नाही. ते बाजारपेठेतले डॉक्टर म्हणाले, मुलगी असली तरी पहिल्या काही महिन्यांत फिरवता येते."

"कशातून दिलंत?"

तो गप्प. पण तिला उत्तर नकोच होतं. ती कोपरावर उठून बसली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दहा वर्षांच्या संसारात तिने त्याला अहो-जाहो केलं होतं. ते त्या खोलीत संपलं.

"तू मला रोज पाजलंस," ती म्हणाली. "समोर उभा राहून. शेवटच्या घोटापर्यंत. अरे, गुराला औषध पाजताना माणूस त्याला चुचकारतो, तसा तू मला चुचकारत होतास! आणि मी वेडी गावभर सांगत फिरले, नवरा सुधारला म्हणून!"

"हळू बोल, लोक आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"असू देत! तुम्ही तिघांनी मिळून मारलंत त्याला. आता आवाजाची लाज वाटते?"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती पूड. नवरा म्हणाला, संपली. बाप तेवढा वेळ दारात उभा होता. तो तडक निघाला, जावयाच्या घरी गेला आणि स्वयंपाकघरातली एकेक फळी रिकामी करत सुटला. पिठाच्या डब्यामागे त्याला डबी सापडली. अर्धी भरलेली.

तपासणीत पुडीत शिसं निघालं. तिच्या रक्तातही निघालं. डॉक्टरीणबाई खाटेवर बसल्या. "याच्यानेच बाळ गेलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "बाळं इतर कारणांनीही जातात. पण एवढं शिसं गरोदर बाईच्या पोटात जाणं म्हणजे विषच. आणि फिरवण्याची गोष्ट सोडून द्या. तो पहिल्या दिवसापासून मुलगाच होता."

ते ऐकून तिला रडू आलं नाही. अंगात दूध उतरलं होतं, पिणारं कोणी नव्हतं, छाती दगडासारखी झाली होती, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, औषध लागू पडलं.

चालण्याएवढी ताकद आली तशी ती हमीवाल्याचा जिना चढली. बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या. कुणाबरोबर सासू, कुणाबरोबर नवरा. रेक्झिनच्या खुर्च्या फाटून फोम बाहेर आलेला. भिंतभर गुबगुबीत मुलग्यांचे फोटो. आत हमीवाला पांढऱ्या कोटात, हसतमुख. तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं वर्णन केलं. त्याला आठवलं.

"हो हो, शाळेची गाडीवाले. मग? मुलगाच झाला ना?"

"झाला. मेलेला."

त्याने चेहरा दुःखी केला. फार वेळ लागला नाही त्याला. "अरेरे. पण बघा, आमचं काम आम्ही चोख केलं. मुलगा म्हटलं, मुलगा दिला. जगणं-मरणं वरच्याच्या हातात."

"आणि मुलगी झाली असती तर?"

"तर पथ्य मोडलं असणार. आमच्या औषधात खोट नाही."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की श्रेय याचं, नाही पडली तर खापर बाईच्या डोक्यावर. निम्म्या बायकांना असाही मुलगाच होतो. त्या पेढ्यासारखं तोंड गोड करून फोटो आणून देतात. उरलेल्या निम्म्या मान खाली घालून घरी बसतात, त्यांचे फोटो कोण लावणार? हात उचलायची तिला फार इच्छा झाली. पण हात उचलला असता तर हमीवालाच सुटला असता, एवढं तिला त्या अवस्थेतही समजत होतं.

ती बाहेर आली आणि बायकांच्या मधोमध एका फाटक्या खुर्चीवर बसली.

"ऐका गं सगळ्या," ती म्हणाली. "यानं दिलेली पूड मला चोरून दुधातून पाजली. तिच्यात शिसं होतं. माझं बाळ मेलं. तो आत म्हणतोय, काम चोख झालं."

एक सासू म्हणाली, "एखादीच्या अंगाला नाही सोसत, बाई."

"शिसं कुणाच्या अंगाला सोसतं? तुमच्या सोसतं? मग आधी तुम्ही प्या चमचाभर आणि मग सुनेला द्या!"

एक तरुण बाई अर्धवट उठली. तिच्या नवऱ्याने दंड धरून तिला खाली बसवलं. सोफेवालीने ते पाहिलं आणि आणखी आवाज चढवला. ती तिथून हललीच नाही. जो कोणी जिना चढून येईल त्याला सांगत राहिली. काही परत फिरले. बरेच जण तिच्याकडे वेडी म्हणून बघत आत गेले. शेवटी हमीवाल्याने पोलीस बोलावले. चोराच्या उलट्या बोंबा! पोलीस तिला घेऊन गेले, आणि चौकीत बसून तिने आपली तक्रार लिहायला लावली.

आरोग्य खात्याचा अधिकारी आला. त्याने नवऱ्याला बोलावून टेबलाशी बसवलं, शेजारी हिला. पूड कोणी आणली, कोणाच्या सांगण्यावरून, बायकोला माहीत होतं का?

नवऱ्याने घसा साफ केला. घरून निघताना सासूबाई आणि वन्संनी त्याची चांगली शाळा घेतलेली असणार. "तिनेच मागितली," तो म्हणाला. "तिलाच मुलगा हवा होता."

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सुचेना. मग ती म्हणाली, "साहेब, तो खोटं बोलतोय. आणि तो खोटं बोलताना कसा दिसतो ते मला आज कळलं. रोज सकाळी असाच दिसायचा."

त्याच दुपारी तिने दोन्ही मुलींची दप्तरं, कपडे आणि सोफे शिवायची आपली वाकडी सुई घेतली आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. सासूबाई दारात म्हणाल्या, "एवढ्या तेवढ्यावरून घर मोडतेस?" तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळली असती तर काय केलं असतं याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती.

बायकोनेच राजीखुशीने पूड घेतली, असं कागदावर आल्यामुळे खटला लुळा पडला. हमीवाला थोडा दंड भरून सुटला आणि काही महिन्यांत दुसऱ्या रस्त्यावर दुसऱ्या पाटीखाली बसला. सोफेवालीला एका गिऱ्हाईकाकडून कळलं. ती तिथेही जाऊन बसली. हाकललं तर खाली फुटपाथवर दुकानातली एक खुर्ची टाकून बसायची. काम सोडून आठवड्यातून एक दिवस. शेजारीपाजारी तिला समजवायला आले, झालं गेलं विसर, पोरींकडे बघ. काचवाल्याची बायको म्हणाली, "एक समाधान मान, मुलगाच होता. तुझी कूस मुलगा देऊ शकते हे तरी सिद्ध झालं." सोफेवालीने हातातली कात्री खाली ठेवली, तिला दुकानाबाहेर नेऊन सोडलं आणि पुन्हा आत येऊ नको म्हणून सांगितलं. जन्माचं शेजारपण तुटलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

फुटपाथवरच एक दिवस ती तरुण बाई आली, दंड धरून बसवलेली. तिला मुलगी झाली होती, पण लेकरू आठ दिवसांत गेलं होतं. डबी तिने जपून ठेवली होती. ती आणखी एकीला घेऊन आली. तिघी मिळून पुन्हा अधिकाऱ्याकडे गेल्या, आणि या वेळी तक्रार दाबता येण्यासारखी नव्हती.

कोर्टात नवऱ्याला पुन्हा बोलावलं. शपथ घेतल्यावर तो पायाकडे बघत खरं बोलला. आपण आणली, बहिणीने पत्ता दिला, आईने मात्रा सांगितली, बायकोला काहीच ठाऊक नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर तो तिच्यासाठी थांबला होता. चेहऱ्यावर काहीतरी मिळेल अशी आशा. "मी सगळं सांगितलं," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"मग... घरी येशील?"

"दवाखान्याच्या खोलीत चार माणसांत विचारलं तेव्हा तुला तोंड नव्हतं. पिंजऱ्यात उभं केल्यावर फुटलं. मी काय रोज तुला पिंजऱ्यात उभं करून जेवायला वाढू?" तिने श्वास घेतला. "रविवारी येऊन पोरींना फिरवून आण. माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

तो रविवारी येतो. मुली जातात. ती वरून खाली उतरत नाही.

हमीवाल्याला कैद झाली. निकालाच्या दिवशी लोकांनी तिचं अभिनंदन केलं, एकाने तर पेपरासाठी फोटोही मागितला. तिने नाही म्हटलं. वन्सं अजूनही म्हणतात, भावजयीने घराची अब्रू वेशीवर टांगली. ते कानावर आलं की ती दिवसभर धुमसते, कापड फाटेपर्यंत ताणते, थोरली हळूच येऊन कापडाचा तागा तिच्यापासून लांब ठेवते.

निकालानंतरच्या आठवड्यात बाप-लेक खाली जुन्या आरामखुर्चीच्या स्प्रिंगा बांधत बसले होते. कोर्टात, दवाखान्यात, चौकीत, प्रत्येकाने तिला मुलगा की मुलगी एवढंच विचारलं होतं. बाकी काही कुणी विचारलं नव्हतं.

"त्याला मी पाहिलं होतं," ती एकाएकी म्हणाली. "नर्सने हातात दिला थोडा वेळ. केस होते चांगले दाट. आणि कान तुमच्यासारखे, बाहेर आलेले."

बापाचा हात थांबला. नकळत तो कानाकडे गेला आणि परत आला. त्याने गाठ आवळली, सुतळीचं टोक तिच्या दिशेने ढकललं, आणि म्हणाला, "आणखी सांग."

ती सांगत राहिली.